सोनटक्क्याला बाल्कनी नको, मोरी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जिंजर लिली नावाच्या शोभेच्या झाडावर लेख आला होता. फोटो झकास, पांढरीशुभ्र फुलं, आणि खाली लिहिलेलं की ही विदेशी लिली आता आपल्याकडेही लावता येते, बाल्कनीत भरपूर उन्हात ठेवा, रोज पाणी घाला, बारा महिने घाला. मी सकाळचा चहा घेत वाचत होते, मोठ्यांदा म्हटलं अहो हा तर सोनटक्का! आमचे हे म्हणाले मला काय सांगतेस, पेपरला कळव. म्हणून हे पत्र. लांबलंय माहितीये, जागेअभावी कापायचं तर खुशाल कापा, पण उन्हाचं आणि पाण्याचं जे लिहिलंय ते कापू नका, कारण लेखातल्या त्या दोन वाक्यांपायी ह्या वर्षी कितीतरी जणांचे कंद कुजणार आहेत.

मी दापोली तालुक्यातली, समुद्राला लागून गाव, घरामागे नारळ-पोफळीचं आगर. कृषी विद्यापीठ आमच्यापासून तासाभरावर आहे पण मी काही तिथे शिकलेली नाही, जे सांगतेय ते सासूबाईंकडून शिकलेलं आणि थोडं स्वतः झाडं मारून शिकलेलं. लग्न होऊन आले त्याला आता 31 वर्षं झाली, आले तेव्हा मागच्या दाराला मोरी होती, जांभ्या दगडाची, उघडी, एका बाजूला चूल आणि तांब्याचा हंडा, आणि मोरीचं पाणी जिथे आगरात उतरायचं तिथे पहिला अळू, मग कर्दळ, मग चार-सहा केळी आणि त्या केळींच्या आडोशाला सोनटक्क्याचं हे एवढं मोठं बेट. त्याला कोणी मुद्दाम पाणी घातलेलं मी तरी बघितलं नाही. खत घातलेलंही नाही. घरात आठ माणसं आंघोळ करायची, तेच त्याचं शिंपण. श्रावण लागला की संध्याकाळी मागचं दार उघडायची खोटी, वास थेट माजघरात.

पहिलं म्हणजे ती लिली नाहीच. नाव पडलंय तसं, पण कूळ आल्याचं. आलं, हळद, वेलची, आंबेहळद ही सगळी त्याची भावंडं. खात्री करायची तर कंदाचा तुकडा नखाने खरवडून बघा, आल्याचाच वास येतो. पुस्तकातलं नाव हेडिकियम कोरोनॅरियम, हेडिकियमचा अर्थ म्हणे गोड बर्फ, ग्रीक भाषेतला, फूल बघितलं की पटतं. आणि विदेशी म्हणाल तर मूळ तो पूर्व हिमालयाकडचा, म्हणजे कोकणातला नव्हे हे मलाही मान्य. पण आम्ही सुना तरी कुठे ह्या गावच्या असतो. गंमत म्हणजे तिकडे लांब क्युबा देशाचं ते राष्ट्रीय फूल आहे, तिथे त्याला मारिपोसा म्हणतात, म्हणजे फुलपाखरू, आणि त्यांच्या स्वातंत्र्याच्या लढाईत बायका केसात माळलेल्या ह्या फुलांतून चिठ्ठ्या पोचवायच्या अशी गोष्ट सांगतात. आमच्याकडे त्यातून गणपतीसमोरच्या आरतीला कोण कोण आलं एवढंच कळायचं, वेणी ओळखू यायची कोणाच्या परड्यातली ते.

आता उन्हाबद्दल. लेखात लिहिलंय भरपूर ऊन. हिमालयात असेल चालत, तिथलं ऊन वेगळं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे सुद्धा चालतं कारण ऊन असतंच कुठे. पण ऑक्टोबरचं ऊन आणि मग मार्च-एप्रिल-मे, त्यात खारा वारा, सोनटक्क्याची पानं कडेने करपून कागदासारखी होतात. हे मी ऐकीव सांगत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आगरातले सतरा माड आणि पोफळी तर मोजल्याच नाहीत इतक्या आडव्या झाल्या. दोन दिवस रस्ता नव्हता, वीज तर पुढे कितीतरी दिवस नव्हती, तेव्हा सोनटक्क्याकडे बघायला कोणाला वेळ. पाऊस चालू होता तोवर तो ठीक होता, उलट फुलला सुद्धा बऱ्यापैकी. ऑक्टोबर उजाडला आणि डोक्यावर सावली नाही म्हटल्यावर पंधरा दिवसांत सगळी पानं तांबूस, कडा जळलेल्या, उंची निम्मी. मला वाटलं रोग आला. एक जण म्हणाला बुरशी आहे फवारणी करा, दुसरा म्हणाला खत कमी पडतंय युरिया टाका. सासूबाई तेव्हा होत्या, अंथरुणावरच होत्या, त्यांना पान नेऊन दाखवलं तर म्हणाल्या अगो त्याच्या डोक्यावरचं छप्पर गेलं ना, केळी लाव. झालं, केळी लावल्या, तोवर पडलेल्या माडांच्याच झावळ्या विणून बांबूंवर एक लहानसा मांडव घातला, आणि पुढच्या पावसाळ्यात पानं पुन्हा हिरवीगार. त्याआधी मे 2021 मध्ये परत तौक्ते वादळ आलं, पण केळीच त्या, मोडल्या तरी बुडातून परत येतात, माडासारखं दहा वर्षं थांबायला नको.

तेव्हा सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारचं नको, हे नीट ध्यानात ठेवा. अगदी काळोखात लावलात तर मात्र नुसती पानं वाढतात, फूल धरत नाही. पोफळीच्या सावलीत जसं चांदण्यासारखं ऊन खाली पडतं ना हलतं-हलतं, ते त्याला बरोब्बर मानवतं. शहरात बाल्कनी असेल तर पूर्वेकडची चालेल. पश्चिमेची बाल्कनी असेल तर मोगरा लावा, सोनटक्क्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि पाणी. इथे माझा खरा राग आहे. बारा महिने रोज पाणी घाला असं ज्याने लिहिलं त्याने हे झाड जानेवारीत बघितलेलं नाही. सोनटक्का झोपतो हो. दिवाळीपर्यंत फुलं संपतात, मग पानं पिवळी पडायला लागतात, दांडे कलतात, थंडी सरेपर्यंत काही ठिकाणी जमिनीवर काहीच उरत नाही. लोक घाबरतात, मेलं म्हणतात, मग रोज तांब्या-तांब्या पाणी ओततात, आणि खाली झोपलेला कंद त्या थंड चिखलात कुजतो. मी स्वतः हेच केलंय. माहेरी नेऊन लावला होता हौसेने. माझं माहेर लांज्याकडे, वर सड्यावर, तिथे वीतभर माती आणि खाली कातळ. एक खड्डा खणला, चांगला हातभर खोल, खाली शेणखत भरलं, ते पण ओलं, ताजं, कंद तळाला ठेवला आणि वर माती दाबून बसवली. पहिला पावसाळा, खड्डा म्हणजे घंगाळ झालं, पाणी जाणार कुठे खाली कातळ. कोंब आले, पिवळे पडले, ओढला तर हातात आला, बुड मऊ, सडका वास. आलं आणि हळद लावणारे ओळखतील, तीच कंदकुज. त्यावर मग औषधं आहेत, ट्रायकोडर्मा नावाची उपयोगी बुरशी शेणखतात मिसळून घालतात, ते लावायच्या आधी घातलं तर उपयोग, सडल्यावर घालून काय फायदा. दुसऱ्या वर्षी वडिलांनी खड्डा न करता उलट उंचवटा केला, गडग्याच्या कडेला दगड रचून त्यात माती, पालापाचोळा आणि वर्षभर कुजलेलं शेण, आणि त्याच्यावर कंद नुसता ठेवल्यासारखा, दोन बोटं माती वरून. आजतागायत आहे तो तिथे.

इकडे आमच्या आगरात उलटी तऱ्हा. आमची जमीन पुळणीची, पाणी ओतलं की दुसऱ्या मिनिटाला गायब, इथे कंद कुजायची भीती नाही पण एप्रिलमध्ये सुकून खडखडीत होतात. म्हणून आम्ही बुडाशी नारळाची सोडणं पालथी मांडतो आणि वर पाला. पाला जाळू नका हे मी दरवर्षी शेजारी सांगते, कोणी ऐकत नाही, भाजवळीची सवय हाताला लागलेली. तोच पाला सोनटक्क्याच्या बुडात टाकला तर पाऊस येईपर्यंत ओल राहते आणि पावसात त्याचंच खत. म्हणजे बघा, एकच झाड, एका तासाच्या नाही पण तीन-चार तासांच्या अंतरावरच्या दोन जागा, आणि पाणी घालायची रीत पूर्ण वेगळी. मग पेपरातून रोज घाला असं सरसकट कसं सांगणार? थंडीत आठवड्याला एकदा, तेही माती भुरभुरीत झाली असेल तर. एप्रिल-मेमध्ये लालसर हिरवे कोंब टोक काढायला लागले की वाढवा. मोरीच्या पाण्यावरचा असेल तर तो पूर्ण झोपतच नाही, अर्धा हिरवा राहतो, ते पण ठीकच आहे, त्याला जबरदस्तीने झोपवायला जाऊ नका.

लावायची वेळ म्हणाल तर मृगाच्या आधी चार-आठ दिवस किंवा पहिला पाऊस पडून जमीन थंड झाली की. कंदाला दोन-तीन डोळे हवेत. दोन कंदांत दोन हात अंतर ठेवा, पहिल्या वर्षी उघडं-बोडकं वाटेल, तिसऱ्या वर्षी चालायला वाट राहणार नाही. कुंडीत लावायचा तर खोल कुंडी घेऊ नका, पसरट घ्या, घमेलं असतं ना तसं, कारण कंद आडवा पळतो, खाली जात नाही. आमच्या भाचीने पुण्यात जुन्या प्लास्टिकच्या टबाला भोकं पाडून लावलाय, गेल्या भाद्रपदात सात कणसं आली म्हणून फोटो पाठवला होता.

कणसावरनं आठवलं. दांड्याच्या शेंड्याला हिरव्या खवल्यांचं कणीस येतं आणि एकेका खवल्यातून दोन-चार फुलं पाळीपाळीने निघतात, त्यामुळे एक कणीस आठवडा-दोन आठवडे चालतं. फूल मात्र एका रात्रीचं. दुपारी कळी काढायची, हिरवट पांढरी, लांबट, केळीच्या पानात गुंडाळून पाणी शिंपडून ठेवायची, दिवेलागणीला उमलते. वास संध्याकाळीच का येतो ते मला आमच्या शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं होतं, त्याच्या नळीत खोल तळाला मध असतो आणि तिथवर पोचणारी सोंड फक्त मोठ्या पतंगांना असते, जे रात्री फिरतात, तेव्हा वासाचं आमंत्रण त्यांना, आपण आपले फुकटचे पाहुणे. भाद्रपदात संध्याकाळी जरा वेळ बेटाजवळ उभं राहा, दिसतात ते पतंग, पाखरासारखे एका जागी भिरभिरत असतात.

कणीस संपलं की तो दांडा कोयतीने बुडातून कापा. इथे लोकांचा जीव होत नाही, हिरवा आहे ना अजून म्हणतात. अहो एका दांड्याला एकदाच फूल, केळीसारखंच, पुन्हा त्याला काही येणार नाही, नुसता जागा अडवून बसतो आणि आतल्या नव्या कोंबांना वारा लागत नाही. कापलेला दांडा तिथेच तुकडे करून टाका. तीन-चार वर्षांनी बेट फोडा, मधले जुने कंद पोकळ झालेले असतात ते टाकून द्या, कडेचे ताजे वेगळे लावा. नाही फोडलंत तर बेट मधून ओकं आणि कडेने दाट असं होतं, आणि फुलं दरवर्षी कमी.

कीड म्हणाल तर फार नाही. हळदीवरची ती पान गुंडाळणारी अळी ह्यावर पण येते, पानाची सुरळी करून आत बसते, तिचं पुढे तपकिरी फुलपाखरू होतं ठिपक्यांचं. मी तिला राहू देते, चार पानं खाल्ली तर खाल्ली. पण शेंडा पोखरणारी वेगळी, तिने दांड्याला भोक पाडलं की भोकातून भुसा बाहेर येतो आणि मधली सुरळी वाळते, तो दांडा बिनधास्त कापून जाळायचा. पावसात गोगलगायी, त्या मोठ्या आफ्रिकन, कोवळे कोंब रात्रीत साफ करतात, त्यांना बॅटरी घेऊन वेचण्यापलीकडे इलाज नाही, आम्ही दोघं वेचतो, मिठाच्या पाण्याची बादली घेऊन, काय करणार. आणि रानडुक्कर. त्याच्यावर बोलले तर पत्र इथेच संपेल.

आता त्या दुसऱ्या जिंजरबद्दल, कारण लेखात शेवटी त्याचाही फोटो होता, लाल. तो मात्र खरंच बाहेरचा, रेड जिंजर, अल्पिनिया, पॅसिफिकमधल्या बेटांवरचा, सामोआचं राष्ट्रीय फूल. मला हे झाड आवडतं, सोनटक्क्याची बाजू घेतेय म्हणून त्याचा राग नाही. आमच्या सुनेने दोन वर्षांपूर्वी एका नर्सरीतून साडेतीनशेला आणलं, देणाऱ्याने सांगितलं फुल सन आणि रोज पाणी, बहुतेक सगळे एकच वाक्य पाठ करतात. तिने स्लॅबवर ठेवलं. मे महिन्यात स्लॅबवर पापड वाळतात हो आमचे दोन तासात, ते झाड काय टिकणार. अर्धं मेलेलं मी खाली आणलं आणि पोफळीखाली ठेवलं, सहा महिन्यांत उभं राहिलं. त्याचं तंत्र सोनटक्क्यापेक्षा वेगळं, ते झोपत नाही, बारा महिने हिरवं, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला पाणी चुकवून चालत नाही, पण बुडाशी साचलेलं पण चालत नाही. थंडी बाधते, किनाऱ्यावर आम्हाला ती काळजी नाही. आणि लाल दिसतात ती फुलं नव्हेत बरं का, ते रंगीत खवले आहेत, खरं फूल त्या खवल्यांच्या आतून डोकावतं, एवढंसं, पांढरं, लक्षातही येत नाही. म्हणूनच ते इतके दिवस टिकतं, माझ्याकडे पाण्यात दहा-बारा दिवस राहिलं. आणखी एक मजा, फार दिवस दांड्यावर ठेवलं की त्या लाल कणसातूनच लहान लहान रोपं फुटतात, मुळांसकट, कणीस जड होऊन जमिनीला टेकतं आणि तिथेच रुजतं. ती रोपं काढून लावली की झालं, साडेतीनशे द्यायला नकोत. आमच्याकडे आता नऊ झालीत, तीन शेजारी दिली.

खरं तर नारळाच्या बागेत दालचिनी, जायफळ, मिरी लावून लाखी बाग करायला रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून सांगतातच ना, त्यात कडेने ही लाल फुलं लावली तर लग्नसराईत सजावटवाले घेतील असं मला वाटतं, आमच्या आसपासचे होमस्टेवाले तर आत्ताच मागतात. सोनटक्का तसा विकता येत नाही, सकाळपर्यंत मान टाकतो. बाजारात बसणाऱ्या बायका गणपतीत पानाच्या द्रोणात घालून विकतात ते तेवढंच, त्याच संध्याकाळपुरतं.

आणि एवढं शोभेच्या आल्याचं कौतुक चाललंय तर आपल्याकडे फुकट जे उगवतं ते कोणी बघत नाही. रस्त्याच्या कडेला ओढ्याजवळ पावसात पेव फुलतो, दांड्याभोवती जिन्यासारखी फिरत वर चढणारी पानं, लाल बोंडातून पांढरं, चुरगळलेल्या रेशमासारखं फूल. पान चुरडलं तर आल्याचा वास येत नाही म्हणून आता त्याचं कूळ वेगळं धरतात, पण दिसायला भाऊबंदच. (पेव फुटलं म्हणतात ते ह्या पेवाचं नाही, ते धान्य साठवायच्या पेवाचं, व्हॉट्सॅपवर दरवर्षी उलटं फिरतं.) मग रानहळद, पावसाच्या सुरुवातीला डोंगरउतारावर पिवळी फुलं आणि वर गुलाबी-जांभळा तुरा. आणि भुईचंपा, तो तर माझा लाडका, ऐन उन्हाळ्यात पान नाही काही नाही, तापलेल्या मातीतून थेट फूल वर येतं. आमच्या तुळशीमागे आहे. नवीन माणूस त्यावर पाय देतो.

पानांवरून एक सांगते, हसू नका. नागपंचमीला पातोळ्यांसाठी पानं आण म्हणून नणंदेच्या सुनेला, मुंबईची ती, आगरात पाठवलं तर सोनटक्क्याची पानं घेऊन आली, तीसेक! हळदीचं पान रुंद आणि जमिनीतून वर येतं, सोनटक्क्याचं अरुंद, उंच दांड्याला दोन्ही बाजूंनी, पण तिला काय माहीत, आल्याच्या कुळातलं सगळं सारखंच दिसतं म्हणाली. तिचंही खरंच.

एक इशारा द्यायला हवा, नाहीतर उद्या मलाच नावं ठेवाल. हे झाड सोपं आहे म्हणून जिथे तिथे टाकू नका. बेट फोडल्यावर उरलेले कंद पऱ्यात किंवा वहाळात फेकायची आपल्याकडे सवय आहे, ती मोडा. ओल मिळाली की एक तुकडा पुरतो. ब्राझीलमध्ये ओढ्यांच्या काठाने ह्याच सोनटक्क्याने बाकी झाडांना जागा ठेवली नाही, आणि ह्याचा पिवळा, लाल तुऱ्यांचा हिमालयातला भाऊ आहे, कहिली जिंजर म्हणतात, त्याचं नाव जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर जातींच्या यादीत आहे, हवाई आणि न्यूझीलंडमधली जंगलं त्याने व्यापली. ऑनलाइन तो विकायला असतो, सुंदर दिसतो, आणू नका. उरलेले कंद कुणाला तरी द्या नाहीतर उन्हात खडखडीत वाळवून मग खतात टाका.

मग सोनटक्का आमच्या गावातून कमी का झाला, हा प्रश्न राहतो. गेल्या वर्षी गणपतीत मी मोजलं, आमच्या वाडीत पूर्वी चौदा घरी असायचा, आता चार. वाटायचं हवामान बदललं, पाऊस कसाही पडतो. पण ते कारण नाही, पाऊस तर चौदाही घरी तोच पडतो. त्या चार घरी काय आहे जे बाकी दहा घरी नाही? मोरी आहे. मागच्या दाराची, उघडी. बाकीच्यांच्या मोऱ्या घरात आल्या, टाइल्स बसल्या, पाणी पाइपातून शोषखड्ड्यात, वर झाकण, आजूबाजूला पेव्हर ब्लॉक. बरंच झालं, म्हातारीकोतारी पावसात मागच्या दाराला आंघोळीला जायची ते काही चांगलं नव्हतं, डास पण कमी झाले, मी जुनं ते सोनं म्हणणारी नाही, माझीही बाथरूम घरातच आहे. पण पाण्याच्या वाटेवर जी झाडं जगत होती त्यांना कोणी विचारलं नाही. अळू बाजारातून येतो, कर्दळ कुंडीत गेली, आणि सोनटक्का पुरवणीत विदेशी म्हणून छापून आला.

आम्ही एवढंच केलं की बाथरूमच्या पाइपाला एक जोड दिला, प्लंबर आधी हसला, काकू लोक पाणी घालवायला बघतात तुम्ही परत आणताय. आंघोळीचं पाणी आता एका लहान पाटाने केळींकडे आणि तिथून सोनटक्क्याकडे जातं, पाट दगड-गोट्यांनी भरलेला म्हणजे पाणी साचत नाही. वॉशिंग मशीनचं पाणी सुरुवातीला त्यातच सोडलं होतं, दोन महिन्यांत पानांची टोकं जळली, पावडरचा खार, मग ते वेगळं काढलं, ते शोषखड्ड्यातच जातं. स्वयंपाकघरातलं तांदूळ धुतलेलं पाणी मी बादलीने नेऊन घालते. पाऊस सुरू झाला की जोडाची तोटी फिरवून पाणी खड्ड्याकडे. खर्च आला अकराशे रुपये, त्यातले चारशे प्लंबरच्या हसण्याचे असावेत.

गेल्या भाद्रपदात एकशे बारा कणसं. मोजली मी, नातवाला घेऊन.

आता हे पत्र छापायचं असेल तर मृगाच्या आधी छापा, नंतर छापून काही उपयोग नाही, लावायची वेळ निघून जाईल. ह्या महिन्यात मी बेट फोडणार आहे, कडेचे ताजे कंद दोन पोती तरी निघतील. ज्यांना हवेत त्यांनी आमच्याकडे यावं, पैसे नकोत, पत्ता मी वेगळ्या चिठ्ठीवर दिलाय, कोणी विचारलं तर तुमच्या ऑफिसातून कळवा. पिशवी आपली आणा, प्लास्टिकची नको, गोणपाटाची, वाटेत वाफ धरली तर घरी जाईपर्यंत कंद मऊ पडतात. आणि येताना घरी आंघोळीचं पाणी कुठे जातं ते बघून या, मी पहिलं तेच विचारणार आहे.

आपली एक जुनी वाचक,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी